मागे ट्रेलर असताना: पेट्रोल की डिझेल?

एकाच मॉडेलची एसयूव्ही मी आधी पेट्रोलची वापरली आणि नंतर डिझेलची. दोन्हींच्या मागे जोडलेला ट्रेलर मात्र तोच होता. असा योग सहसा कोणाच्या वाट्याला येत नाही, आणि खरे सांगायचे तर तो मीही हौसेने जुळवून आणलेला नाही. पेट्रोल गाडी तीन वर्षे चालवून विकली आणि डिझेल घेतली, एवढे सांगितले की माझा कल कुठे आहे हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. तरीही पेट्रोल गाडी वाईट होती असे मी म्हणणार नाही. ट्रेलर नसता तर कदाचित आजही ती माझ्याकडेच असती.

ट्रेलर लहानच आहे. दोन माणसे आत झोपू शकतात, मागचे झाकण उचलले की छोटा ओटा आहे, आणि पाणी, गॅस, भांडीकुंडी, अंथरुणे धरून त्याचे वजन साडेसातशे किलोच्या आसपास भरते. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत गाडीची एक जागा मिळते तीच भाग्याची, त्यामुळे ट्रेलर पनवेलच्या पुढे मामेभावाच्या वाडीत चिंचेखाली उभा असतो. ही माहिती देण्याचे कारण असे की, मुंबईतले बहुतेक ट्रेलरवाले असेच कुठेतरी शहराबाहेर ट्रेलर ठेवतात आणि प्रवासाचे अ‍ॅव्हरेज सांगताना घरापासून वाडीपर्यंतचे रिकाम्या गाडीचे किलोमीटरही त्यातच धरतात. आकडा त्यामुळे दिसायला बरा येतो. मी वाडीजवळच्या पंपावर ट्रेलर जोडण्याआधी टाकी फुल करतो, परतल्यावर ट्रेलर सोडून त्याच पंपावर त्याच नोझलखाली पुन्हा फुल करतो, आणि मधल्या किलोमीटरना लिटरने भागतो. गाडीच्या पडद्यावर दिसणारा आकडा माझ्या दोन्ही गाड्यांत थोडा आशावादीच निघाला.

या पद्धतीने, नुसत्या गाडीला हायवेवर पेट्रोलमध्ये लिटरमागे १२ आणि डिझेलमध्ये १५ किलोमीटर मिळत असत. ट्रेलर जोडल्यावर पेट्रोल ७ वर आली आणि डिझेल १० वर. हे आकडे माझ्या गाड्यांचे, माझ्या पायाचे आणि बहुतांशी मुंबई-गोवा महामार्गाचे आहेत. शिवाय डिझेल येईपर्यंत कशेडीचे बोगदे झाले, जुन्या घाटाचे वळसे टळले आणि वयोमानानुसार माझा वेगही थोडा उतरला, त्यामुळे या तुलनेत डिझेलला परिस्थितीची थोडी मदत मिळाली हे मला मान्य करावे लागेल. तरीसुद्धा लिटरमागे ३ किलोमीटरचा फरक सगळाच बोगद्यांच्या नावावर टाकता येईल, असे मला वाटत नाही.

येथे एका समजुतीबद्दल लिहावेसे वाटते. ट्रेलर म्हटले की ‘घाटात फार पीत असेल’ असे प्रत्येकजण म्हणतो, आणि चढावर पडद्यावरचा आकडा चारवर आलेला पाहिला की ते पटतेही. पण हिशेब करून पाहावा. खोपोलीहून लोणावळ्यापर्यंतची चढण साधारण साडेपाचशे मीटरची आहे. साडेसातशे किलोंचा ट्रेलर तेवढा वर न्यायला लागणारी जादा ऊर्जा डिझेलमध्ये मोजली तर ती पाव आणि अर्ध्या लिटरच्या मध्ये कुठेतरी येते. अख्खा बोरघाट चढून खर्च एवढाच, आणि त्यातलाही काही भाग पुढच्या उतारावर परत मिळतो, कारण पाय काढला की हल्लीची इंजिने इंधन पूर्ण बंद करतात. खरा खर्च सपाट रस्त्यावर, वाऱ्याशी होतो. ट्रेलरचा पुढचा भाग गाडीच्या छतापेक्षा उंच आणि दोन्ही बाजूंनी रुंद असेल तर तेवढी जादा भिंत आपण सतत हवेत ढकलत असतो, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६५ ऐवजी ८० ने निघालो तर हा विरोध जवळजवळ दीडपट होतो. माझ्या ट्रेलरला ताशी ८० चा वेग धरला तर केवळ वाऱ्यापायी १०० किलोमीटरमागे तीन-साडेतीन लिटर डिझेल जादा जात असावे, असा माझा अंदाज आहे. म्हणजे घाट चढायला लागला तो एका चहाच्या किटलीएवढा खर्च, आणि नांदगाव ते कसालच्या सरळ रस्त्यावर मी गाणी ऐकत गेलो तो खरा.

हे दोन्ही इंधनांना सारखेच लागू आहे, आणि म्हणूनच इंधन बदलण्याआधी वेग बदलून पाहावा असे मी कोणालाही सुचवीन. पेट्रोल गाडीने एकदा पनवेलहून श्रीवर्धनपर्यंत मी हट्टाने ६० च्या वर गेलो नाही, तेव्हा तिने ८ च्या पुढचे अ‍ॅव्हरेज दिले होते. मागच्या एसटी चालकांनी माझ्याबद्दल काय म्हटले असेल ते असो.

आता पेट्रोलला हा भार जास्त का जाणवतो, याबद्दल. एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा दहा टक्क्यांहून थोडी अधिक ऊर्जा असते, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. कमी भारावर पेट्रोल इंजिनाला हवा अर्धवट मिटलेल्या झडपेतून ओढून घ्यावी लागते आणि त्यात शक्ती वाया जाते. भार वाढला की झडप उघडते आणि हे नुकसान कमी होते. या न्यायाने ट्रेलर जोडल्यावर पेट्रोल आणि डिझेल यांतले अंतर खरे तर घटायला हवे होते. पण हल्लीच्या लहान टर्बो पेट्रोल इंजिनांचे वेगळेच दुखणे आहे. लांब चढावर, मे महिन्याच्या उन्हात, एसी चालू असताना ते तापते. इंधन अवेळी पेटून इंजिनाला ठोके बसू नयेत म्हणून ठिणगी उशिरा दिली जाते, आणि निकासाची, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराची, उष्णता आवरण्यासाठी अनेक इंजिने गरजेपेक्षा जास्त पेट्रोल आत सोडतात. ते पेट्रोल गाडी ओढण्यासाठी जळत नाही, इंजिन गार ठेवण्यासाठी जाते. त्यातच गिअर ऑटोमॅटिक असेल तर पेट्रोल गाडी चढावर सारखी एक गिअर खाली, एक वर असे करत बसते, आणि इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा मिनिटाला तीन हजारांच्या वर नाचत राहतो. त्याच चढावर डिझेल दोन हजारांच्या अलीकडे, बैलाने मान खाली घालून चालावे तशी, एकाच गिअरमध्ये निघून जाते. पेट्रोलवाल्यांनी घाटाच्या पायथ्याशीच गिअर हाताने अडकवून ठेवावा. मला हे समजायला एक वर्ष लागले.

इथेनॉलचाही थोडा वाटा आहे. मी पेट्रोल गाडी वापरत होतो त्याच काळात पंपावरचे पेट्रोल हळूहळू ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले, होत गेले. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल आराखड्यात, मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींचे अ‍ॅव्हरेज ई-२० मुळे ६ ते ७ टक्क्यांनी, तर ई-१० साठी बनवून ई-२० साठी जुळवलेल्या गाड्यांचे १ ते २ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिलेला होता. नुसत्या गाडीत १२ चे साडेअकरा झाले तर कोणी तक्रार करत नाही. ७ चे साडेसहा झाले की मात्र माणूस टाकीच्या काट्याकडे पाहू लागतो.

रुपयांचा हिशेब थोडक्यात सांगतो, कारण निर्णय त्यावर झाला नाही. २०२५ साली मुंबईत पेट्रोल लिटरला एकशे साडेतीन रुपयांच्या आसपास, आणि डिझेल ९० रुपयांच्या आसपास होते. त्या दराने ट्रेलर ओढताना पेट्रोलला किलोमीटरमागे पावणेपंधरा रुपयांच्या आसपास पडतात आणि डिझेलला ९. वर्षाला ३,००० किलोमीटर ट्रेलर ओढला, आणि आम्ही जेमतेम तेवढाच ओढतो, तर सतरा हजार रुपयांच्या आसपास वाचतात. डिझेल गाडी घेताना मोजावी लागणारी जादा किंमत, जादा विमा, सर्व्हिसिंगचे वाढीव बिल आणि काही गाड्यांत धूर स्वच्छ करण्यासाठी लागणारे युरियाचे द्रावण हे सगळे लक्षात घेतले तर ही बचत हाती लागायला बरीच वर्षे जातात. नुसते पैसे वाचवण्यासाठी कोणी डिझेल घेत असेल तर त्याने आधी आपण वर्षातून खरोखर किती वेळा ट्रेलर जोडतो, हे प्रामाणिकपणे मोजावे. पहिल्या वर्षी बारा वेळा, दुसऱ्या वर्षी सात वेळा, आणि तिसऱ्या वर्षी मुलांच्या परीक्षांभोवती चार वेळा, अशी आमची उतरती भाजणी आहे.

पेट्रोलच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते आडपडदा न ठेवता सांगितले पाहिजे. मुंबईत गाडी आठवड्याचे पाच दिवस काय करते? मुलुंड ते भांडुप, भांडुप ते मुलुंड, एखाद्या संध्याकाळी पवई. चार-पाच किलोमीटर जायचे, त्यातला निम्मा वेळ सिग्नलला आणि मेट्रोच्या बॅरिकेडला. या चालीला डिझेल गाडीचा धूर-गाळण्याचा फिल्टर अजिबात सोसत नाही. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले आणि डिझेल गाड्यांना हा फिल्टर आला. त्यात साठलेली काजळी जाळायला निकास चांगला तापावा लागतो, आणि तो लालबहादूर शास्त्री मार्गावर संध्याकाळी सात वाजता कधीच तापत नाही. फिल्टरचा दिवा लागला की मी रविवारी सकाळी उठून, काही काम नसताना, ऐरोलीमार्गे पामबीच रोडपर्यंत अर्धा तास फिरून येतो. त्या फेरीत काजळी जाळण्यासाठी जादा डिझेल जाते ते वेगळेच. पत्नी या फेरीला ‘गाडीला शी करवून आणणे’ म्हणते. पेट्रोल गाडीत हा उपद्व्याप नव्हता.

पेट्रोल शांत होती. पहाटे चार वाजता सोसायटीतून निघताना कोणाची झोपमोड होत नसे. ट्रेलर नसताना ओव्हरटेकला तिचा पिकअप तर लहान मुलाला खुश करील असा होता. शिवाय उतारावर पेट्रोल मला अधिक विश्वासाची वाटली. पाय काढला की तिची झडप मिटते आणि इंजिन स्वतःच गाडीला मागे खेचते. डिझेलमध्ये तशी झडपेची अडवणूक नसते, म्हणून खालचा गिअर लवकर घ्यावा लागतो. आंबोलीचा घाट ट्रेलरसह उतरताना पेट्रोलमध्ये ब्रेकवर जितका पाय जाई त्यापेक्षा डिझेलमध्ये तो निश्चितच जास्त जातो. साडेसातशे किलो मागून ढकलत असताना ही गोष्ट हलकी घेण्यासारखी नाही. दोन्ही गाड्यांत सवयीने जमते, पण पेट्रोलमध्ये सवय लवकर लागली.

मग पेट्रोल विकली का? कारण पंप.

पनवेलहून मालवण साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. टाकी ५७ लिटरची. पेट्रोल ७ देत असेल तर टाकी कोरडी होईपर्यंत ४०० किलोमीटर. पण कोरडी होईपर्यंत कोणी चालवत नाही, त्यामुळे साडेतीनशेनंतर पंप शोधणे आले. डिझेल १० देत असेल तर तोच प्रवास एका टाकीत होतो आणि वर शंभर किलोमीटरचा धीर उरतो. कागदावर हा फरक वाटेत एकदा पेट्रोल भरण्याचा, म्हणजे दहा मिनिटांचा आहे. नुसत्या गाडीने जाणाऱ्याला तो दहा मिनिटांचाच वाटेल. मागे ट्रेलर असलेल्या माणसाला विचारून पाहावे.

तो मे महिन्यातला शनिवार होता, दुपारचा एक वाजला होता, आणि राजापूरच्या अलीकडे पेट्रोलचा दिवा लागला. पुढे दिसलेल्या पहिल्याच पंपात मी शिरलो. छताखाली दोन ओळी होत्या, दोन्हींत दुचाकी आणि छोट्या गाड्या. पेट्रोलचे नोझल तिथेच. माझ्यापुढे दोन गाड्या आणि पाच-सहा स्कूटर. माझा नंबर आला तोवर बाहेर पडण्याच्या वाटेवर एक टेम्पोवाला चाकात हवा भरायला आडवा उभा राहिला होता, आणि चालक कुठेतरी चहाला गेला होता. नुसती गाडी असती तर तिरकी काढून निघून गेलो असतो. ट्रेलरसकट वळायला जेवढी जागा लागते तेवढी तिथे नव्हती. पेट्रोल भरणारा मुलगा अगदी सौम्यपणे म्हणाला, “वाईच मागे घ्या सायब, मग निघेल.”

ट्रेलर मागे घेणे म्हणजे काय, हे ज्याने केले नाही त्याला सांगणे अवघड आहे. स्टिअरिंग डावीकडे फिरवले की ट्रेलर उजवीकडे जातो. लहान ट्रेलर तर इतक्या चटकन वळतो की आरशात दिसेपर्यंत तो गाडीशी काटकोन करून उभा असतो. लांब ट्रेलर उलट समजूतदार, सावकाश वळतो, सुधारायला वेळ देतो. माझा लहान आहे. मागे रांगेत स्कूटर होत्या, त्यांतल्या प्रत्येकाने एक-एक फूट मागे जाऊन मला जागा ‘दिली’ होती, आणि त्या सगळ्यांच्या मागे एक रिक्षा हॉर्न देत होती. पत्नी उतरून मागे उभी राहिली. “अहो, थोडे या... थोडे... अहो थांबा!” हे तिचे शेवटचे शब्द आणि पत्रा घासल्याचा आवाज एकदमच आले. पंपाच्या यंत्राला गाडी लागू नये म्हणून पुढे पिवळ्या-काळ्या रंगाचा लोखंडी खांब रोवलेला असतो. ट्रेलरच्या बाजूला छपराचे कापड लावण्याची जी पट्टी आहे, ती त्या खांबात अडकून वीतभर उचकटली होती.

शेवटी पंपाच्या छताखालीच ट्रेलर सोडवला. पुढचे आधाराचे छोटे चाक खाली घेतले, तारेचा प्लग काढला, साखळ्या काढल्या, टो-बॉलवरून जोड उचलला, आणि मी, पेट्रोल भरणारा मुलगा, दोन स्कूटरवाले असे चौघांनी मिळून साडेसातशे किलो ढकलत हवेच्या यंत्रापाशी नेले. तोपर्यंत टेम्पोचा चालक चहा पिऊन आला होता. त्याने टेम्पो काढला, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “घर घेऊन फिरता काय?” चाळीस मिनिटे गेली. पंपावरच्या कोणाची चूक होती असे मला वाटत नाही. तो पंप स्कूटर आणि गाड्यांसाठी आखलेला होता, ट्रेलरसाठी नव्हता. कोकणातले बहुतेक पंप तसेच आहेत, आणि शहरातले तर त्याहून अरुंद.

असे चाळीस मिनिटांचे प्रकरण पुन्हा झाले नाही, पण त्याची धास्ती प्रत्येक प्रवासात राहिली, आणि ही धास्ती अ‍ॅव्हरेजच्या कोणत्याही तक्त्यात येत नाही. निम्मी टाकी झाली की मी पंप न्याहाळू लागे: आत शिरायला आणि बाहेर पडायला वेगळ्या वाटा आहेत का, पुढे भिंत आहे का, हवेचे यंत्र कुठे आहे. चांगला दिसला की गरज नसताना पंधरा लिटर भरून घेई. संगमेश्वर, हातखंबा, लांजा ही गावे मला त्या काळात पंपांवरून आठवत.

डिझेल घेतल्यावर दोन गोष्टी झाल्या. पहिली अपेक्षितच होती: मालवणला पोचून, ट्रेलर सोडून, दुसऱ्या दिवशी निवांत गाडी एकटी नेऊन टाकी भरता येते. ट्रेलर जोडलेला असताना पंपात शिरण्याची वेळच फारशी येत नाही. दुसरी गोष्ट मात्र मी आधी लक्षातच घेतली नव्हती. हायवेवरच्या बऱ्याचशा मोठ्या पंपांवर ट्रकांसाठी डिझेलची वेगळी ओळ बाहेरच्या अंगाला, मोकळ्यावर असते. तिथे वर छत नसते किंवा बरेच उंच असते, शिरायची आणि निघायची वाट सरळ, आणि सोळा चाकी ट्रक जिथून वळतो तिथून माझा ट्रेलर हसत वळतो. एकदा सोलापूरकडून येताना डिझेल भरावे लागले तेव्हा मी ट्रकांच्या मागे लागलो, भरले आणि समोरून सरळ निघून गेलो. मागे घेण्याचा प्रश्नच आला नाही. पेट्रोल गाडीला ती ओळ बंद आहे, कारण तिथे पेट्रोलचे नोझलच नसते. पेट्रोल दुचाकींच्या गर्दीतच भरावे लागते आणि डिझेल ट्रकांच्या मोकळ्या जागेत भरता येते; इंधनांची तुलना करणाऱ्या कोणी हे मला आधी सांगितले असते तर माझी एक गाडी आणि ट्रेलरची एक पट्टी वाचली असती. एवढेच की ट्रकांच्या नोझलची धार बऱ्याचदा जोराची असते, फेस येऊन नोझल लवकर बंद पडते, आणि टाकी खरोखर फुल झाली की नाही ते कळत नाही. अ‍ॅव्हरेज मोजायचे असेल त्या दिवशी त्या ओळीत जाऊ नये.

सीएनजीचा विचार मुंबईकराच्या मनात येतोच, पण रांगा, कमी पल्ला आणि मागच्या डिकीतली टाकी पाहता ट्रेलरसाठी तो मी केला नाही. विजेच्या गाड्यांबद्दल एवढेच म्हणतो की ट्रेलर मागे लागला की त्यांचा पल्ला निम्म्याच्या आसपास येऊ शकतो, आणि चार्जिंगच्या जागा साध्या गाडीच्या लांबीच्या असल्याने तिथे प्रत्येक वेळी ट्रेलर सोडवणे आले. ज्या कारणाने मी पेट्रोल सोडली, तेच कारण तिथे दुप्पट होऊन उभे राहते.

डिझेल घेणाऱ्याने आणखी एका गोष्टीचा विचार करावा. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या प्रदूषणाची दखल घेताना पेट्रोल आणि डिझेलची वाहने टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, याचा अभ्यास करायला सांगितले, आणि राज्य शासनाने त्यासाठी समितीही नेमली. नियम झाला तर तो दोन्हींना लागेल, पण विकायला काढल्यावर डिझेलची किंमत आधी पडेल, असे मला वाटते. गाडी चार-पाच वर्षांत बदलण्याची सवय असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे. मी ही गाडी चाके गळेपर्यंत ठेवणार आहे.

थोडक्यात फरक करायचा तर तो इंधनात नाही, प्रवासाच्या लांबीत आहे. ज्यांचा ट्रेलर अलिबाग, मुरुड, भंडारदरा, फार तर दिवेआगरपर्यंत जातो, त्यांना पेट्रोल पुरेशी आहे. एका टाकीत जाऊन येऊन होते, पंपात ट्रेलर न्यावा लागत नाही, आणि आठवडाभर शहरात फिल्टरची कटकट नाही. अशा कोणाला मी डिझेलचा आग्रह करणार नाही, किंबहुना पेट्रोलच घ्या म्हणेन. पण एका दमात साडेतीनशेच्या पुढे जाण्याचा बेत असेल, वर्षातून दोन-तीनदा का होईना, तर माझ्या मते रविवारची पामबीचची फेरी परवडते, पंपावरची ती दुपार परवडत नाही.

तरीही जे पेट्रोलच घेतील त्यांच्यासाठी एक सांगतो. टाकीचा काटा एक तृतीयांशावर आला की त्यानंतरच्या पहिल्या ऐसपैस पंपाबाहेर गाडी रस्त्याकडेला घ्यावी, गाडीतून उतरावे आणि चालत आत जाऊन बाहेर पडण्याची वाट पाहून यावे. हवेच्या यंत्रापाशी कोणी उभे असेल तर ते जाईपर्यंत आपणही समोरच्या टपरीवर चहा घ्यावा, आणि वाट मोकळी झाल्यावरच चाक आत घालावे.